लाल चिंध्यांची बाग

माझ्या संशयी स्वभावाची आमच्या घरात कायम थट्टा होते. भाजीवाल्याचा काटा मी आधी रिकामा बघते. दुकानातली डाळ पाण्यात टाकून रंग सुटतो का ते पाहते. गॅसची टाकी आणणाऱ्याला ती माझ्यासमोर वजन केल्याशिवाय जाऊ देत नाही. नवरा म्हणतो, हिला पोलीस खात्यात घेतलं असतं तर निम्मं गाव आत असतं. मी म्हणते, तुम्ही अजून बाहेर आहात यातच समाधान माना.

आमचं गाव अंबड तालुक्यातलं, कापसाचं आणि सोयाबीनचं. नवरा नवीन जालन्यात एका बियाणे कंपनीच्या कार्यालयात नोकरीला आहे. सकाळी मोटारसायकलवर जातो, दिवेलागणीला परत येतो. त्यामुळे दीड एकराची डाळिंबाची बाग कागदावर त्याची आणि प्रत्यक्षात माझी. रोपं मी स्वतः निवडली, एकेक पान उलटून. रोपवाटिकेतला माणूस शेवटी वैतागून म्हणाला होता, ताई, रोपं न्यायला आलात का सून बघायला? मी त्याच्याकडे लक्ष दिलं नाही. बागेआधीची माझी सगळी वर्षं कापूस वेचण्यात गेली होती. कंबर, बोटांना टोचणारी बोंडं, डोक्यावरचं ऊन, सगळं अजून अंगात आहे. बाग गेली तर पुन्हा त्याच ओळींत वाकावं लागणार हे मला पक्कं ठाऊक होतं, आणि मला ते नको होतं.

बाग जाते ती तेल्याने. तेल्या हा डाळिंबाचा जिवाणूंमुळे होणारा रोग. पानावर आधी तेलाचा थेंब सांडावा तसा ओलसर डाग दिसतो. मग तो काळा पडतो आणि भोवती पिवळी कड धरतो. फळावर आला की साल तडकते आणि व्यापारी गाडीतून उतरतसुद्धा नाही. आमच्या भागात कितीतरी बागा त्याने उपटायला लावल्या. पण रोगापेक्षाही मला राग येतो तो लपवाछपवीचा. बागेत तेल्या आला की माणूस पहिल्यांदा फाटकाला कुलूप लावतो. पाहुणा आला तर म्हणतो, आजच फवारणी झाली, आत नका येऊ. व्यापाऱ्याच्या कानावर जाऊ नये, भावकीत चर्चा होऊ नये, म्हणून सगळे तोंड बांधून बसतात, आणि तोवर रोग शेजारच्या रानात पोचतो.

आमच्याकडे तो पावसाळ्यात दिसला. तेव्हा बाग विश्रांतीला होती. विश्रांती म्हणजे उन्हाळ्यात फळं तोडून झाल्यावर झाडांना काही महिने नुसतं पानावर ठेवायचं. पाऊस सरला की पानगळ करून फुलांचा बहार धरायचा, म्हणजे फळं कोरड्या हवेत वाढतात आणि रोगाला ओल मिळत नाही. मी ठिबकच्या नळ्या बघत चालले होते. एका झाडाच्या खालच्या फांदीवर एक पान जरा वेगळं दिसलं. ते उन्हासमोर धरलं. डाग आरपार दिसत होता.

मी पान तोडलं नाही. आधी आजूबाजूला पाहिलं, कोणी बघत तर नाही ना म्हणून. हे आठवलं की आता मला हसू येतं, पण त्या वेळी माझ्या मनात पहिला विचार रोगाचा आला नाही. हा कोणी आणला, हा विचार आला.

पहिला संशय अर्थातच भाऊजींवर. भाऊजी म्हणजे माझे चुलत दीर. बांधापलीकडे त्यांची बाग आहे, आमच्यापेक्षा मोठी. त्या बांधावरून दोन्ही घरांत जुनी कुरबुर. लग्नकार्यात एकमेकांना पहिलं बोलावणं, शेतात मात्र पाठीला पाठ. मागच्या दिवाळीत मी जाऊबाईंना फराळाचा डबा द्यायला गेले होते, तर भाऊजी फाटकावरच आडवे आले. फवारणी झालीय वहिनी, आत नका येऊ, असं म्हणाले. म्हणजे तेच ठरलेलं वाक्य. फवारणीचा वास मला कुठे आला नव्हता, आणि माझं नाक घरात प्रसिद्ध आहे. त्यात उन्हाळ्यात त्यांनी बांधाच्या कडेने उंच हिरवी जाळी लावली. लपवायचं काही नसेल तर माणूस जाळी कशाला लावेल? वारा पश्चिमेचा, म्हणजे त्यांच्याकडून आमच्याकडे. मला वाटलं, झालं, चोर सापडला.

सासूबाईंना सांगितलं ही माझी चूकच झाली. त्यांनी लगेच जुनी प्रकरणं बाहेर काढली. कोणाच्या आजोबांनी कोणाच्या शेताची मेर नांगरली, कोणी विहिरीचं पाणी तोडलं, सगळं एका दमात. त्या बोलत होत्या आणि मला माझ्या संशयाला आधार मिळत गेला. दुसऱ्या दिवसापासून मी बांधावर गवत कापायला जायला लागले. गवताची गरज नव्हती. जाळीच्या फटीतून त्यांची पानं दिसतात का, ते मला बघायचं होतं. गंमत म्हणजे भाऊजीही पलीकडे उगाच वाकून काहीतरी करत असायचे. आमची नजरानजर झाली की दोघंही आपापल्या विळ्याकडे बघायचो.

दुसरा संशय छाटणीच्या टोळीवर. ही माणसं एका बागेतून दुसऱ्या बागेत जातात आणि त्यांच्या कातरी त्यांच्याबरोबर. आजारी झाड कापलेली कातर चांगल्या झाडाला लावली की काम झालं. म्हणून मी प्रत्येकाच्या कमरेला औषधाच्या पाण्याचा डबा बांधला होता. एक झाड झालं की कातर डब्यात बुडवायची. मुकादम कुरकुरला होता की अशानं काम रेंगाळतं, दुसरीकडे कोणी असलं करायला लावत नाही. मी दिवसभर ओळीच्या टोकाला खाट टाकून बसले होते. पण मधे एकदा चहा करायला घरी गेले होते. तो चहा आता मला छळायला लागला. तेवढ्या वेळात किती झाडं झाली असतील, कोणी कातर बुडवली नसेल, याचा हिशेब मी अंथरुणावर पडल्या पडल्या करायचे.

तिसरा नंबर औषधाच्या दुकानदाराचा. अंबडमधलं ते घर मूळचं राजस्थानातलं, पण पिढ्यानपिढ्या इथलंच झालेलं. त्यांनी जिवाणूंवरच्या प्रतिजैविकाची पुडी काढून समोर ठेवली, आणि वर स्वतःच सांगितलं की याने रोग पूर्ण जाईल असं समजू नका, सारखी मारली तर पुढे तीही लागू पडत नाही. माल विकणारा माणूस मालाची हमी देत नाही म्हटल्यावर मला आणखीच संशय आला. यात यांचा काय डाव असेल? म्हणून मी पुडी न घेता परत आले. त्यांचा डाव काहीच नव्हता. ते खरं बोलत होते एवढंच, पण खरं बोलणाऱ्याचं काय करायचं ते मला तेव्हा सुचत नव्हतं.

नवऱ्याने त्याच्या ओळखीच्या एका सरांना आणलं. फळबागांच्या रोगांचे ते जाणकार. जालन्याहून आले, फाटकात थांबले आणि आत यायच्या आधी स्वतःच बूट धुवायला पाणी मागितलं. मला माणूस बरा वाटला. तरी मी त्यांच्या मागे मागे फिरत होते, कोणत्या झाडाला हात लावतात ते बघत.

त्यांनी सांगितलं ते थोडक्यात असं. हा तेल्याच आहे. एकाच औषधाने तो मारून टाकू असं म्हणणाऱ्यावर विश्वास ठेवू नका. इथे टिकणारं काम म्हणजे स्वच्छता. डागाळलेल्या फांद्या डागाच्या बऱ्याच खालून कापून जाळा. खाली पडलेलं पान न् पान गोळा करा. जमिनीवर ब्लीचिंग पावडर टाका, झाडावर बोर्डोची, म्हणजे मोरचूद आणि चुन्याच्या मिश्रणाची, फवारणी करा. झाडाला पुरेशी विश्रांती द्या, बहार कोरड्या दिवसांतच धरा. असं दोन-तीन वर्षं न कंटाळता केलं तर रोग आटोक्यात राहतो. मी विचारलं की हा आणला कोणी? ते म्हणाले, कोणी आणला ते मला कळणार नाही. पण कुठून सुरू झाला ते झाडंच सांगतील. ज्या ज्या झाडावर डाग दिसतो त्याला काहीतरी खूण बांधा आणि मग लांबून बघा.

माझी एक जुनी लाल साडी होती. ती फाडून मी चिंध्या केल्या. एकेक झाड तपासायचं, डाग दिसला की खोडाला चिंधी. हात धुवायचे, पुढचं झाड. सासूबाईंना वाटलं मी नवस बोललेय, त्यांनी कोणत्या देवाला ते विचारलं. मी पुढच्या झाडाकडे वळले. काम संपलं तसं विहिरीवरच्या पाण्याच्या टाकीवर चढले. 

मला खात्री होती की सगळा लाल रंग बांधाच्या बाजूला दिसणार. जाळी, वारा, भाऊजी, सगळं मी मनात जुळवून ठेवलं होतं. आणि बांधाच्या ओळी कोऱ्या होत्या. एकही चिंधी नव्हती. लाल रंग होता तो बरोबर उलट्या बाजूला, घराच्या फाटकापासून विहिरीच्या वाटेपर्यंत, एका पट्ट्यात. टोळीने छाटणी सुरू केली होती ती बांधाकडून, कातरीतून रोग आला असता तर पहिले डाग तिथेच दिसले असते, म्हणजे तीही यात बसत नव्हती. मी टाकीवर उभी राहून बराच वेळ त्या पट्ट्याकडे बघत राहिले. संशय असा हातचा जातो तेव्हा माणसाला किती रिकामं वाटतं, ते मला त्या दिवशी कळलं.

तो पट्टा मी ओळखत होते. तोडणीनंतर झाडांना शेणखत देतात. घरचा उकिरडा सगळ्या बागेला पुरला नव्हता. जिथपर्यंत पुरला तिथपर्यंत घरचं खत टाकलं आणि पुढच्या ओळींना विकतचं. वरचा थर तर अजून नीट कुजलाही नव्हता, पण पावसाआधी काम उरकायची घाई होती. चिंध्या होत्या त्या घरच्या खताच्या ओळींना. विकतच्या खतावर मी तेव्हा किती शंका घेतल्या होत्या. मुठीत घेऊन वास घेतला होता, चाळून पाहिलं होतं. आपल्या घरच्या उकिरड्याचा वास मात्र घेतला नव्हता.

मी खाली उतरले आणि पहिल्या चिंधीच्या झाडाखालचं खत हाताने उकरलं. शेण, काडीकचरा, अंड्याची टरफलं. मग डाळिंबाच्या सालीचा एक तुकडा हाताला लागला. वाळून चिवट झालेला, आणि त्यावर तडकलेला काळा डाग. पुढच्या झाडाखाली आणखी दोन. आमच्या फळांवर त्या वर्षी डाग नव्हता, व्यापाऱ्याने क्रेटच्या क्रेट बघून नेले होते. मग डागाळलेली डाळिंबं आमच्या घरात आली कुठून?

ती कुठून आली ते मला लगेच आठवलं, आणि आठवल्याबरोबर मी ते मनातून ढकलायला बघितलं.

उन्हाळ्यात माझा धाकटा भाऊ आला होता. माझं माहेर मंठ्याकडचं. त्याचीही डाळिंबाची बाग आहे, खरं तर त्याचीच बघून मी लावली. येताना त्याने भली मोठी पिशवी भरून डाळिंबं आणली. घरच्या शेतातलं पहिलंवहिलं, निवडक काही आपल्या माणसांना नेऊन द्यायचं, याला आमच्याकडे वानोळा म्हणतात. वानोळ्याला कोणी नाही म्हणत नाही आणि त्याचं मोलही कोणी करत नाही. फळांवर काही ठिकाणी काळसर चट्टे होते. ऊन लागलंय जरा, असं तो म्हणाला, आणि मी बरं म्हटलं. गॅसची टाकी वजन करून घेणारी मी, माहेरची पिशवी उलटीपालटी करून बघणार होते का? सासूबाईंनी तर सगळ्या गल्लीत सांगितलं की सुनेच्या माहेरचे दाणे कसे लालचुटुक आहेत. आम्ही बसून खाल्ली आणि सालं उकिरड्यावर टाकली. सालं दुसरीकडे टाकतातच कुठे?

त्या भेटीतली आणखी एक गोष्ट आठवत होती. भाऊ बागेत आला नाही. मी किती आग्रह केला, फाटकापाशी उभा राहून लांबूनच बघत होता. पाय धुळीनं भरलेत, मंग येईन कधीतरी, असं म्हणाला. माझी बाग त्याच्यापेक्षा सरस झाली म्हणून त्याला आत यावंसं वाटत नसेल, असं माझ्या मनात येऊन गेलं होतं. मी मनातल्या मनात थोडी खूशही झाले होते.

सरांना फोन करून सालीचं सांगितलं. ते म्हणाले, खात्रीने नाही सांगता येणार, पण होऊ शकतं. रोगट साल, पान, फळ कुजायच्या आधी झाडाखाली पडलं आणि पावसाच्या थेंबांनी चिखल खालच्या पानांवर उडाला, की तेवढं पुरतं.

मी दुसऱ्या दिवशी एसटीने माहेरी गेले. कारण काहीच सांगितलं नाही. भावजयीने चहा केला, पोहे केले, मधेच कपाटातली नवी साडी दाखवली, आणि शेतात जाऊ म्हटलं की विषय बदलला. शेवटी मी चप्पल घालून एकटीच निघाले. जिथे बाग होती तिथे सोयाबीन उभं होतं. बांधाला उपटलेल्या खोडांचा काळा ढीग तेवढा शिल्लक होता. भाऊ मागून धावत आला आणि माझ्या शेजारी येऊन उभा राहिला.

बाग कधी काढली, हे मी विचारलं. उन्हाळ्यातच, जेसीबी लावून, असं त्याने सांगितलं. मग स्वतःच बोलायला लागला.

“व्यापारी आल्ता अक्का. गाडीतून उतरलाच न्हाई. आतून दाणे बराबर होते, फेकून द्यायला हात होईना. मंग चांगली चांगली निवडून बहिणींना, पाहुण्यांना वाटून टाकली.”

“मला सांगितलं का न्हाई?”

“सांगितलं असतं तर तू पिशवी घेतली असती का?” तो म्हणाला. मग खाली बघत म्हणाला, “पर तुझ्या बागेत मी पाय ठेवला न्हाई, ध्यानात हाय का? माझ्या पायानं तिथं काही जाऊ नये, म्हणून तर भाईरच उभा राह्यलो.”

मला एवढा राग आला होता की त्याला तिथेच धरून हलवावं. आणि त्याच वेळी रडूही येत होतं. पाय सांभाळले, कपडे सांभाळले, हात धुतले असतील. पण फळ हे खायचं असतं, वानोळा द्यायचा असतो, त्याच्या सालीचं पुढे काय होतं हा विचार त्याच्या डोक्यात आला नाही. आमच्याकडे कोणाच्याच डोक्यात आला नसता. बहिणींना वाटलेल्या फळांतली सगळ्यात निवडक फळं त्याने मला दिली होती, हे भावजयीने नंतर सांगितलं.

निघताना त्याने विचारलं, “तुझी बाग बरी हाय ना?”

मी म्हटलं, “बरी हाय.”

हे मी इतक्या सहज बोलले की एसटीत बसल्यावर मला त्याचा अर्थ कळला. त्याला वाईट वाटू नये म्हणून मी लपवलं होतं. मला वाईट वाटू नये, मी पिशवी परत करू नये, म्हणून त्याने लपवलं होतं. म्हणजे ज्या लपवाछपवीला मी जन्मभर नावं ठेवली ती आमच्याच घरातून, आमच्याच मायेतून चालली होती. मंठा मागे पडलं तरी माझ्या डोक्यात तेच चाललं होतं. आणि बांधापलीकडे भाऊजींची बाग होती, कोरी, आणि बहुतेक निरोगी. आता रोग माझ्याकडे होता. न सांगितलं तर तो पुढच्या पावसात त्यांच्याकडे जाणार.

घरी नवऱ्याला सांगितलं तर तो म्हणाला, गप राहा, बहार निघू दे, मग बघू. उद्या गाव म्हणेल की सगळ्यांच्या बागा आपल्यामुळे गेल्या. भाऊजींना तर आयतं कोलीत मिळेल. सासूबाई पहिल्यांदाच मुलाच्या बाजूने एवढ्या जोरात बोलल्या. त्या दोघांचं म्हणणं मला पटत होतं, हीच अडचण होती. मी भाऊजींना चांगलीच ओळखून होते, निदान तसं समजत होते. पण मी स्वतः बांधावरून त्यांची पानं चोरून बघत होते ती कशासाठी? त्यांनी सांगावं म्हणून. मग मी कोणत्या तोंडाने गप बसणार होते?

सकाळी मी बांधापर्यंत गेले. भाऊजी पलीकडे नळी दुरुस्त करत होते. मला पाहून ते उठले आणि पुढे यायला लागले तसं मी हात वर केला.

“भाऊजी, इकडं येऊ नका. आमच्याकडं तेल्या हाय.”

ते थांबले. त्यांच्या चेहऱ्यावर आश्चर्य दिसावं म्हणून मी बघत होते, पण तसं काही दिसलं नाही.

“ठाऊक हाय,” ते म्हणाले. “तुम्ही झाडांना लाल चिंध्या बांधल्या तवापासून बघून राह्यलो. तुम्ही सांगता का न्हाई, येवढंच बघायचं व्हतं.”

 मी जाळीचं विचारलं, दिवाळीत फाटकावर अडवल्याचंही विचारलं. ते सांगू लागले, आणि सांगताना त्यांनाही जरा अवघड वाटत होतं. आमच्याकडे येणारी छाटणीची टोळी कुठल्या बागेतून आली होती ते त्यांना कळलं होतं, आणि ती बाग रोगट होती. तेव्हापासून त्यांनी आमच्या घरातलं कोणी आत येऊ द्यायचं नाही असं ठरवलं. पण वहिनीला तोंडावर नाही कसं म्हणायचं, म्हणून फवारणीचं नाव. जाळी माझ्यासाठी होती. मी त्यांच्याकडून रोग येईल म्हणून बघत होते आणि ते माझ्याकडून. दोघांनीही दुसऱ्याला चोर ठरवून ठेवलं होतं. मला हसू आलं, त्यांनाही आलं असावं, कारण ते तोंड फिरवून नळीकडे बघायला लागले.

त्यानंतर आमचं काही फार गोडीगुलाबीचं झालं असं नाही. पण कामं एकत्र झाली. फवारणी दोन्हीकडे एकाच दिवशी, नाहीतर एकाची बाग दुसऱ्याला खाते. टोळी एकच ठरवली, आणि माझे औषधाचे डबे त्यांनीही लावायला सुरुवात केली. ओळीच्या टोकाला खाट टाकून मीच बसायचे, चहा जाऊबाई आणून द्यायच्या. बोर्डोसाठी मोरचूद आणि चुना आम्ही त्यांच्या अंगणात एकत्र कालवायचो. तयार मिश्रणात लोखंडी विळा बुडवायचा, पात्यावर तांबूस रंग चढला तर चुना कमी पडला असं समजायचं. ही परीक्षा मला फार आवडते. पहिल्या वेळी मी विळा बुडवला, मग भाऊजींनी स्वतःचा विळा आणून पुन्हा बुडवला. मला त्यांचा अजिबात राग आला नाही.

चिंधीच्या झाडांवर त्या वर्षी आम्ही बहार धरला नाही. कापून, जाळून, स्वच्छ करून त्यांना नुसतं उभं ठेवलं. सासूबाईंना ते पटलं नाही, त्या म्हणत होत्या की उभी झाडं रिकामी ठेवणं बरं दिसत नाही. पण मी ऐकलं नाही. बांधाकडच्या ओळींना फळं लागली. मी रोज सकाळी एकेक फळ हाताने फिरवून बघायचे. थंडी वाढली, फळांना रंग चढला, आणि साल तशीच नितळ राहिली. बाग पूर्ण वाचली असं म्हणायची माझी अजून हिंमत नाही. पुढच्या पावसाळ्यात काय दिसेल ते दिसेल. पण उपटायची वेळ आली नाही, आणि मी कापसाच्या ओळीत परत गेले नाही. घरच्या उकिरड्यात आता फळाचं साल जात नाही. ते चुलीत जातं. सासूबाईसुद्धा विसरत नाहीत.

भावाला मी अजून सांगितलेलं नाही. फोन येतो तेव्हा तो बाग कशी आहे ते विचारतो आणि मी बरी आहे म्हणते. कधीतरी सांगेन.

पहिली तोड झाली त्या दिवशी मी चार चांगली डाळिंबं निवडून बांधावर गेले. इतक्या वर्षांत आमच्या घरातून त्यांच्या घरी वानोळा गेला नव्हता. भाऊजी पलीकडे उभे होते. मी फळं पुढे केली. त्यांनी एक घेतलं, उन्हात धरलं, देठापासून खालपर्यंत हळूहळू फिरवलं, अंगठ्याने साल दाबून पाहिली. मग दुसरं घेऊन तेही तसंच पाहिलं.  त्यांच्या जागी मी असते तर हेच केलं असतं, कदाचित वासही घेतला असता.

शेवटी त्यांनी तिथेच बांधावर बसून एक फळ फोडलं. दाणे खाल्ले, दोन मुठी बाजूला काढून जाऊबाईंसाठी रुमालात ठेवले. बाकीची तीन फळंही तिथेच फोडली आणि दाणे रुमालात जमा केले. झाल्यावर सगळी सालं गोळा केली, आपल्या बाजूला पडलेला एक तुकडा शोधून उचलला आणि बांधावरून हात माझ्याकडे केला.

“दाणे ग्वाड हायेत वहिनी,” ते म्हणाले. “सालं तेवढी तुमच्याकडं घेऊन जा.”

मी पदर पुढे केला आणि सालं घेतली.